किट की ब्रेडबोर्ड? सोलापुरात राहून गिटारची पेडलं बनवायला शिकायचं तर

गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालू-बंद करायचे डबे म्हणजे पेडलं. त्यातल्या ओव्हरड्राइव्ह आणि फझ या दोन फाटक्या आवाजांतला फरक कानाला कळतो, रेझिस्टरचे रंग वाचता येतात आणि सोल्डरिंग आयर्न कुठून धरायचं ते माहीत आहे, एवढं गृहीत धरतो. प्रश्न पुढचा आहे. स्वतःचं पेडल डिझाइन करण्यापर्यंत पोचायचं, तर तयार किटं जोडत जावं की ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचायचा भोकांचा बोर्ड, घेऊन एकेक सर्किट समजून घ्यावं? मी दोन्ही केलंय.

किटच्या बाजूने बरंच बोलता येतं. छापील पीसीबी म्हणजे तांब्याचे पट्टे असलेला सर्किट बोर्ड, मोजून दिलेले पार्ट, भोकं पाडलेला डबा. सकाळी बसलात तर संध्याकाळी पेडल वाजतं. गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर उभं राहायचं असेल तर दुसरा विचारच नको, ब्रेडबोर्ड काही स्टेजवर नेता येत नाही. सोल्डरिंगचा हातही किटवरच बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पंखा बंद करून सोल्डरिंग करणं ही शिक्षाच आहे, पण पंखा चालू ठेवला तर टोक गार पडतं आणि डाग कच्चा राहतो, हे पुस्तकापेक्षा किट लवकर शिकवतं. पेडल चालू-बंद करणाऱ्या थ्रीपीडीटी फूटस्विचच्या नऊ पायांची वायरिंगही मला किटमुळेच कळली.

माझं बिनसलं ते दुकानाच्या काउंटरवर. किट वाजलं, आवडलं, मित्रासाठी तसंच आणखी एक करायचं ठरलं. यादी घेऊन दुकानात गेलो. यादीत २एन५०८८ हा ट्रान्झिस्टर. दुकानदार म्हणाला, "ते नाही ओ. बीसी५४९ देतो, चालंल का?"

चालेल का? नुसती किटं जोडलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. यादीत जे लिहिलंय तेच हवं, एवढंच त्याला ठाऊक असतं. मग हुतात्मा एक्सप्रेसने पुणं गाठून इलेक्ट्रॉनिक पार्टची तपकीर गल्ली पालथी घाला, नाहीतर कुरिअरची वाट बघा; ट्रान्झिस्टर काही रुपयांचा आणि पाठवणावळ त्याच्या कितीतरी पट. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. इथे ती दर वेळी आडवी येते.

खरं तर बीसी५४९ आरामात चालतो. दोन्ही एनपीएन जातीचे, दोन्ही कमी खरखरीचे, फक्त पाय उलटे. सपाट बाजू समोर धरली तर २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४९ चे कलेक्टर, बेस, एमिटर. फिरवून लावला की झालं. उलट जे२०१ हा जेएफईटी, म्हणजे वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर, मागितला आणि "त्याऐवजी दुसरा जेएफईटी देऊ का" असं कुणी म्हटलं, तर जरा थांबायचं. एकाच नंबरच्या दोन जेएफईटींचा बायससुद्धा, म्हणजे काम करताना पायांवरचं स्थिर व्होल्टेज, जुळेलच असं नसतं. ड्रेन या पायाला ट्रिमपॉट, म्हणजे पेचकसाने फिरवायचा रेझिस्टर, लावून तिथलं व्होल्टेज साडेचार व्होल्टच्या आसपास आणावं लागतं. त्यात लांब पायांचा जे२०१ मिळणंच अवघड झालंय, त्या नावाने विकला जाणारा प्रत्येक तुकडा खरा असतोच असं नाही. हे सगळं कळलं ते ब्रेडबोर्डवर.

तिथे सुरुवात आवाज नुसता वाढवणाऱ्या, एका ट्रान्झिस्टरच्या बूस्टरने करावी. मग ट्यूब स्क्रीमर हे प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडल. त्यातला ४५५८ आयसी आपल्याकडे असेंबल्ड अँप्लिफायरच्या बास-ट्रेबल बोर्डात सर्रास असतो, त्यामुळे तो शोधत फिरावं लागत नाही. या सर्किटमध्ये ४.७ के चा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे दुकानातला ४७३, मिळून ७२० हर्ट्झच्या खालचा गेन, म्हणजे आवाजाची वाढ, कमी करत नेतात. ट्यूब स्क्रीमरचा तो घट्ट, मधल्या पट्टीतला आवाज बराचसा इथून येतो. ४७३ उपटून १०४, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, खोचा. हद्द ३४० हर्ट्झच्या आसपास उतरते आणि खालच्या ई तारेला एकदम अंग येतं. गिटार गळ्यातच असते, कान ताजा असतो. मग आवाज फाडणाऱ्या १एन४१४८ डायोडच्या जागी दोन लाल एलईडी लावून बघा: आवाज मोठा होतो, पण फाटणं कमी. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जुने ओए७९ जर्मेनियम डायोड मिळाले तर तेही बघा. किटवर हाच खेळ करायला गेलं की प्रत्येक वेळी डीसोल्डर करावं लागतं, आणि थोड्याच वेळात तांब्याचा पट्टा बोर्ड सोडतो.

ब्रेडबोर्डचा त्रासही आहेच. जंपर ढिला झाला की आवाज गायब, आणि दोष सर्किटचा की वायरीचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते. गेन वाढवला की पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर स्पीकरमधून ऐकू येते. इनपुटची वायर आउटपुटजवळून नेली तर शिट्टी. मी अडॅप्टर बाजूला ठेवून ९ व्होल्टची बॅटरी वापरतो, वायरी आखूड ठेवतो आणि रेग्युलेटर थेट पाचवर. उपाय पूर्ण नाही, पण काम भागतं.

कॉम्प्युटरवर सर्किट चालवून बघायचं एलटीस्पाइससारखं सिम्युलेशन फुकट आहे आणि बायस तपासायला उत्तम. आलेखावरून टोनचा अंदाज घेणं मला तरी जमत नाही. ज्यांचं गणित पक्कं आहे त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

एखाद-दुसरं पेडल हवंय आणि विषय संपवायचाय, तर किट घ्या, त्यात कमीपणा नाही. डिझाइनपर्यंत जायचं असेल तर माझा कल ब्रेडबोर्डकडे आहे. दोन्ही जमवायचं असेल तर ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातलं किट मागवा, त्याचेच पार्ट आधी ब्रेडबोर्डवर लावून वाजवा, मनासारखे कपॅसिटर आणि डायोड ठरले की मगच पीसीबीला हात लावा. आणि आयसी थेट सोल्डर करू नका, सॉकेट बसवा.