स्टीफन किंग: आधी कथा की कादंबऱ्या?
अमेरिकन भयकथाकार किंग वाचायचा ठरलाय, पण सुरुवात कशाने करावी या पेचात असाल, तर वेळ, भीतीची जात आणि क्रम एवढंच बघा.

वेळेत कथा सरस. 'नाइट शिफ्ट' (१९७८) मध्ये २० कथा आहेत आणि बहुतेक एका बैठकीत संपतात. 'इट' (१९८६) ही कादंबरी हजाराहून जास्त पानांची. मध्ये आठवडाभर खंड पडला की सात मुलं आणि १९५८ व १९८५ हे दोन काळ यांचा गुंता होतो, मग मागची पानं चाळावी लागतात.

भीती मात्र वेगवेगळी. 'नाइट शिफ्ट'मधल्या 'द बूगीमॅन' कथेत मुलांच्या खोलीतल्या कपाटाचं दार किंचित उघडं राहतं. तेवढी फट पुरते. 'सेलम्स लॉट' (१९७५) ही कादंबरी आधी अख्खं गाव ओळखीचं करते, मग एकेक घर गिळते. सुरुवात संथ वाटते, म्हणून अनेकजण तिथेच पुस्तक ठेवून देतात. ठेवू नका! माणसं ओळखीची झाली नाहीत, तर त्यांचं जाणं लागत नाही. नारायण धारपांची 'लुचाई' ही कादंबरी वाचलेल्यांना तर हा सांगाडा लगेच ओळखू येईल.

क्रमात एक सापळा आहे. 'नाइट शिफ्ट'मधली 'वन फॉर द रोड' ही कथा 'सेलम्स लॉट'च्याच गावात, त्या कादंबरीनंतर घडते. आधी वाचलीत तर कादंबरीचा शेवट फुटतो. त्याच संग्रहातली 'जेरुसलेम्स लॉट' १८५० मध्ये घडते, ती केव्हाही चालेल.

लोकलमध्ये वाचणाऱ्यांनी 'नाइट शिफ्ट' घ्यावं, तेवढी एक कथा राखून. रोज रात्री सलग तास-दोन तास मिळत असतील तर 'सेलम्स लॉट', आणि 'इट' त्यानंतरच.