डिपॉझिट अडकलंय: वकिलाची नोटीस की लोकअदालत?

सांगलीतल्या विश्रामबागची भाड्याची खोली सोडून पुतणी पुण्याला गेली आणि घरमालक "रंगाचे पैसे कापणार" म्हणत डिपॉझिट दाबून बसले. खिडकीखालचे पोपडे तर ती राहायला आली त्या दिवशीच्या फोटोतही दिसतात! आता नोटीस पाठवू की लोकअदालतीत जाऊ, असं तिनं विचारलंय.

खर्चात लोकअदालत सरस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडच्या दाखलपूर्व (दावा लावण्याआधीच्या) अर्जाला कोर्ट फी नाही. वकिलाला फी द्यावीच लागते. नोटीस मात्र लगेच निघते, लोकअदालतीच्या तारखेची वाट बघावी लागते.

खरा फरक वजनाचा. नोटीस ही नुसती मागणी. मालकानं दाद दिली नाही तर पुढे दावाच. लोकअदालतीतला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही. पण दोघांची संमती हवी, मालक आलेच नाहीत तर काही होत नाही.

करार नोंदवलेला नाही म्हणून कच खाऊ नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात (कलम ५५) नोंदणीची जबाबदारी मालकाचीच आहे.

मालक बोलतायत, फक्त रकमेवर अडलंय, तर विजयनगरला न्यायालयात जाऊन प्राधिकरणाकडे अर्ज द्या. फोनच उचलत नसतील तर नोटीस, पोचपावतीच्या टपालानं. दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपत आली असेल तर नोटिशीवर विसंबू नका, थेट दावा लावा.