गुप्त बीटा चाचणी की खुली? होकार देण्यापूर्वी

रोबोटिक्स स्पर्धेच्या नव्या कंट्रोलरची (रोबोट चालवणाऱ्या छोट्या संगणकाची) बीटा चाचणी, म्हणजे तो सर्वांना मिळण्यापूर्वीची चाचणी, करण्याचे बोलावणे शाळेच्या संघाला आले, तर निष्कर्ष केवळ निर्मात्याला द्यायचे की इतर संघांनाही लगेच कळवायचे, हे आधी ठरवावे लागते. फोंड्यातील आमच्या संघाने दोन्ही प्रकार अनुभवले आहेत. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शालेय स्पर्धेत 2009 पासून वापरात असलेल्या सीरिओ या कंट्रोलरची जागा थेट 2015 मध्ये रोबोरिओ या नव्या कंट्रोलरने घेतली. इतक्या वर्षांनी होणाऱ्या बदलात काही महिन्यांची आघाडीही लहान नसते.

गुप्त चाचणीची बाजू दुबळी नाही. अर्धवट सॉफ्टवेअरमधील दोषाची चर्चा तो दुरुस्त झाल्यावरही चालू राहते आणि शाळा खरेदीला बिचकतात. निर्मात्याचे अभियंतेही अशा चाचणीत अधिक मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

मला मात्र एक प्रसंग विसरता येत नाही. चवथीच्या सुट्टीनंतर म्हापशाच्या एका संघातील मुलीने विचारले, "सर, नव्या कंट्रोलरला आमचे जुने सेन्सर चालतील ना? आणखी चार घ्यायचे आहेत." जुने सेन्सर 5 व्होल्टचे होते, नवे पोर्ट 3.3 व्होल्टचे, आणि मध्ये लेव्हल कन्व्हर्टर (व्होल्टेज जुळवणारे छोटे सर्किट) लावल्याशिवाय ते भरवशाने चालत नव्हते. हे आम्हाला दोन आठवड्यांपासून ठाऊक होते. पण गुप्ततेच्या अटीवर सही केलेली असल्यामुळे मी गप्प राहिलो. त्यांनी वर्गणीच्या पैशांतून सेन्सर घेतले. माझ्या शेजारी उभी असलेली आमची मुले त्या दिवशी माझ्याशी फारशी बोलली नाहीत.

खुल्या चाचणीत चुकीचे निष्कर्षही पसरतात, हे मान्य. पण ते तपासणारे डोळेही वाढतात. पावसाळ्यातील आमच्या दमट हवेत फोमच्या फरशीवर चाके फिरून साचणाऱ्या स्थिर विजेचा त्रास आम्हाला जाणवलाच नाही. कोरड्या थंडीतील संघांनी कळवले नसते, तर आम्ही ते उपकरण निर्धोक ठरवून मोकळे झालो असतो.

अर्थात, माहिती वाटली तरी हाताचा सराव वाटला जात नाही. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही शनिवारी शेजारच्या संघांना बोलावून कंट्रोलर त्यांच्या हाती दिला. गुप्ततेचीच अट असेल, तर ती कधी संपते हे विचारावे आणि इतरांच्या खरेदीवर परिणाम करणारी माहिती कळवण्याची मुभा लेखी घ्यावी. आम्ही आता त्याशिवाय सही करत नाही.