तिसऱ्या हंगामानंतरचा पेच: तरुण क्वार्टरबॅकचा करार आताच वाढवावा की थांबावे?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. पाचवे वर्ष घ्यायचे की नाही हे संघ ठरवतो, आणि तिसरा हंगाम संपेपर्यंत करारवाढीला परवानगीच नसते. त्यामुळे तिसऱ्या हंगामानंतर संघापुढे दोन प्रमुख मार्ग उरतात. एक म्हणजे लगेच मोठा, दीर्घ मुदतीचा करार करणे, आणि दुसरा म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत पाचव्या वर्षाचा पर्याय स्वीकारून आणखी एक-दोन हंगाम खेळाडूला पारखणे. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २०२० च्या सामूहिक करारानंतर हा पर्याय स्वीकारताक्षणी त्याची संपूर्ण रक्कम हमीची होते, म्हणजे थांबणेही आता पूर्वीसारखे फुकट राहिलेले नाही.

या दोन मार्गांची तुलना करायला २०१८ च्या ड्राफ्टइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून संघाचे आक्रमण चालवणारे खेळाडू, निवडले गेले. त्यांपैकी सातव्या क्रमांकावर बफेलो बिल्सने घेतलेला जॉश ॲलन आणि बत्तिसाव्या क्रमांकावर बाल्टिमोर रेव्हन्सने घेतलेला लमार जॅक्सन या दोघांचे नियम, वय आणि काळ जवळजवळ सारखे होते, पण त्यांच्या संघांचे मार्ग मात्र वेगळे झाले.

बिल्सने थांबायचे नाही असे ठरवले. ॲलनच्या यशस्वी पासांचे प्रमाण पहिल्या हंगामात ५२.८ टक्के, दुसऱ्यात ५८.८ टक्के आणि २०२० मध्ये ६९.२ टक्के होते. ऑगस्ट २०२१ मध्ये संघाने त्याच्याशी सहा वर्षांची, २५.८ कोटी डॉलरची वाढ केली, ज्यात १५ कोटींची हमी होती. येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा, कारण चर्चेत तो हमखास निसटतो. करार लवकर वाढवला म्हणून उरलेली दोन स्वस्त वर्षे वाया जात नाहीत, कारण नवी सहा वर्षे त्या दोन वर्षांच्या पुढे जोडली जातात. नव्या वर्षांची सरासरी ४.३ कोटी असली, तरी पूर्ण आठ वर्षांची सरासरी चार कोटींच्या बरीच खाली येते.

जॅक्सन २०१९ च्या हंगामात एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, तरीही २०२१ मध्ये त्याचा करार झाला नाही. तो एजंट न ठेवता स्वतःच वाटाघाटी करत होता आणि हमीच्या रकमेवर ठाम होता. २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांत मुख्यतः दुखापतींमुळे तो १७ पैकी प्रत्येकी १२ सामनेच खेळला. मार्च २०२३ मध्ये रेव्हन्सने त्याला सुमारे ३.२४ कोटींचा फ्रँचायझी टॅग लावला, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला ठरावीक रकमेवर एका वर्षासाठी राखून ठेवले, त्याने जाहीरपणे दुसऱ्या संघात पाठवण्याची मागणी केली, आणि अखेर एप्रिलमध्ये पाच वर्षांचा, २६ कोटींचा करार झाला, ज्यात १८.५ कोटींची हमी होती. त्याच हंगामात तो दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

वरवर पाहता बिल्सने ४.३ कोटींत जे मिळवले त्यासाठी रेव्हन्सना वर्षाला ५.२ कोटी मोजावे लागले, म्हणून थांबणे महागात पडले असे वाटते. मी मात्र हा हिशोब वेतनमर्यादेच्या, म्हणजे संघाला वर्षभरात खेळाडूंच्या वेतनावर खर्च करता येणाऱ्या कमाल रकमेच्या, प्रमाणात करेन. २०२१ मध्ये महासाथीच्या फटक्याने मर्यादा १८.२५ कोटींवर घसरली होती आणि ॲलनची वार्षिक सरासरी तिच्या २३.६ टक्के होती. २०२३ मध्ये मर्यादा २२.४८ कोटी होती आणि जॅक्सनची सरासरी तिच्या २३.१ टक्के होती. करार केला त्या दिवशीच्या मापाने दोघांची किंमत जवळपास एकच होती. फरक पडला तो पुढे, कारण मर्यादा वाढत जाते आणि आकडा मात्र करारात बांधलेला राहतो. २०२५ मध्ये मर्यादा २७.९२ कोटींवर पोहोचली, तेव्हा ४.३ कोटी म्हणजे जेमतेम १५ टक्के उरले होते. अर्थात ही बचत कायमची नसते. २०२४ चा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या ॲलनशी बिल्सने मार्च २०२५ मध्ये सहा वर्षांचा, ३३ कोटींचा नवा करार केला. पण मधली वर्षे संघाच्या पदरात पडली होती.

आता लवकर सही करण्याची दुसरी बाजू पाहू. २०१६ च्या ड्राफ्टमधील पहिले दोन खेळाडू जॅरेड गॉफ आणि कार्सन वेंट्झ यांच्या बाबतीत रॅम्स आणि ईगल्स या दोन्ही संघांनी पाचव्या वर्षाचा पर्याय स्वीकारला होता. म्हणजे २०१९ आणि २०२० ही दोन वर्षे हातात होती. तरीही जून २०१९ मध्ये वेंट्झला चार वर्षांसाठी १२.८ कोटी आणि सप्टेंबरमध्ये गॉफला चार वर्षांसाठी १३.४ कोटी दिले गेले. वेंट्झचे २०१७ आणि २०१८ हे दोन्ही हंगाम दुखापतीने अर्धवट राहिले होते, आधी गुडघ्याच्या आणि मग पाठीच्या. डिसेंबर २०२० मध्ये त्याला बाकावर बसवले गेले आणि २०२१ मध्ये दुसऱ्या संघाकडे दिले गेले. सही करताना दिलेला बोनस मर्यादेच्या हिशोबात पुढील वर्षांवर विभागला जातो, पण खेळाडू गेला की उरलेला भाग एकदम अंगावर येतो. ईगल्सच्या खात्यावर असे ३.३८ कोटी आले, आणि त्या बदल्यात मैदानावर उभा राहणारा कोणीही नव्हता.

गॉफचे प्रकरण मला अधिक विचार करायला लावते. रॅम्सने डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड याच्या बदल्यात गॉफसोबत ड्राफ्टमधील पहिल्या फेरीच्या दोन आणि तिसऱ्या फेरीची एक निवड दिली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. गॉफनेही डेट्रॉइटमध्ये पुन्हा जम बसवला आणि २०२४ मध्ये तेथे २१.२ कोटींची करारवाढ मिळवली. खेळाडू चांगला होता, पण त्याच्या खेळातल्या उणिवा प्रशिक्षकाला खुपत होत्या. ज्या संघाला अशी शंका आधीपासून आहे, त्याने हातातली दोन वर्षे वापरायलाच हवीत.

थांबल्याने नेमके काय हाती लागते, हे २०१८ चा पहिला क्रमांक असलेल्या बेकर मेफील्डने दाखवले. क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याचे पाचवे वर्ष सुमारे १.८९ कोटींना घेतले, पण दीर्घ करार केला नाही. २०२१ च्या सुरुवातीलाच त्याचा डावा खांदा दुखावला, तो तसाच खेळत राहिला आणि त्याची कामगिरी घसरली. जुलै २०२२ मध्ये त्याला कॅरोलिनाकडे देताना ब्राउन्सनी त्या हमीच्या रकमेतील १.०५ कोटी स्वतः भरले. एवढ्यात ते मोकळे झाले. त्याआधी, मार्च २०२२ मध्ये, त्यांनी काय केले, म्हणजे क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि पूर्ण हमीचे २३ कोटी दिले, ती चूक वेगळी आहे आणि तिचे खापर थांबण्याच्या धोरणावर फोडणे योग्य होणार नाही.

म्हणून माझे मत असे आहे. तीन हंगामांत सुधारणा सलग दिसत असेल, शरीर साथ देत असेल आणि प्रशिक्षकाला हाच खेळाडू पुढील सहा वर्षे हवा असेल, तर बिल्सप्रमाणे पहिल्याच उन्हाळ्यात सही करावी आणि मुदत जितकी लांब मिळेल तितकी घ्यावी. यांपैकी एकही गोष्ट अनिश्चित असेल, तर पाचव्या वर्षाचा पर्याय घेऊन थांबावे आणि वाढणारी किंमत हे पारखण्याचे शुल्क मानावे. टॅगच्या भरवशावर मात्र राहू नये. दुसरा टॅग पहिल्यापेक्षा २० टक्के महाग असतो आणि खेळाडूची बाजू भक्कम करतो. डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट ऑक्टोबर २०२० मध्ये, टॅगच्याच वर्षी, घोट्याच्या गंभीर दुखापतीने बाहेर गेला, तरीही पाच महिन्यांत डॅलसने त्याला चार वर्षांसाठी १६ कोटी दिले. वॉशिंग्टनने आपला क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला २०१६ आणि २०१७ असे सलग दोनदा टॅग लावले आणि तिसऱ्या वर्षी तो मिनेसोटाला निघून गेला.

खेळाडूच्या बाजूने पाहिले तर एकूण रकमेपेक्षा हमीचा आकडा पाहावा. जॅक्सनने दोन वर्षे दुखापतीचा धोका पत्करून ॲलनपेक्षा ३.५ कोटींची जास्त हमी मिळवली. गुडघा किंवा पाठ एकदा दुखावलेल्या तरुणाला मी त्या वाटेने जायला सांगणार नाही.

ज्यांना पाचव्या वर्षाची रक्कमही जड वाटते, त्यांनी न्यूयॉर्क जायंट्सचा हिशोब पाहावा. २०२२ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक डॅनियल जोन्ससाठी पाचव्या वर्षाचा पर्याय नाकारला. त्याच हंगामात तो चांगला खेळला, संघ प्लेऑफमध्ये एक सामना जिंकला, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांना चार वर्षांसाठी १६ कोटी मान्य करावे लागले, त्यांतील ८.२ कोटी हमीचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये त्याला सोडून देण्यात आले. नाकारलेला पर्याय घेतला असता, तर २०२३ चा तो हंगाम सुमारे २.२ कोटींत पडला असता आणि त्या दुखापतीच्या दिवशी पुढे एका वर्षाचाही करार शिल्लक नसता.