लेकरू की चाकर? मराठी ‘पवित्र शास्त्र’ अभ्यासासाठी घेताना

बायबल सोसायटी ऑफ इंडियाने छापलेले जुन्या वळणाच्या मराठीतले ‘पवित्र शास्त्र’ मराठी प्रॉटेस्टंट घरांत बहुधा असतेच. दृढीकरणाला (कन्फर्मेशनला) किंवा लग्नात भेट मिळते आणि मग कपाटात नीट राहते. इथे त्याची पारख एकाच कामापुरती केली आहे. देवाची सेवा नोकर म्हणून करायची की लाडके लेकरू म्हणून, हा विषय मंडळीच्या (चर्चच्या) अभ्यासगटात किंवा घरी शोधायचा असेल, तर ही प्रत किती साथ देते? ताडून पाहायला यूव्हर्जनचे फोनवरचे फुकट बायबल अ‍ॅप घेतले आहे.

निकाल आधीच सांगतो. या विषयासाठी छापील जुनी आवृत्तीच घ्या, सोपी आवृत्ती फोनवर जोडीला ठेवा. जुन्या भाषांतराची दोन-तीन बलस्थाने अशी आहेत की सोप्या मराठीत ती हाताला लागत नाहीत. एक दोषही मोठा आहे, आणि तो माहीत नसेल तर सगळा अभ्यासच घसरतो.

आधी बलस्थान. लूक 15 काढा, उधळ्या मुलाचा दाखला. वाटणी घेऊन गेलेला आणि सगळे उडवून बसलेला धाकटा मुलगा डुकरांमागे फिरताना मनात भाषण जुळवतो, त्यात तो बापाकडे ‘मोलकऱ्याची’ जागा मागणार असतो. हा शब्द नेमका आहे. मूळ ग्रीकमध्ये इथे गुलामासाठीचा ‘दूलॉस’ नाही, रोजंदारीवरच्या माणसाचा ‘मिस्थिऑस’ आहे. गुलाम निदान घरचा धरला जाई, मोलकऱ्याचे संध्याकाळी पैसे दिले की नाते संपले. मुलगा, दास आणि मोलकरी या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत. भाषांतराने त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत, सगळीकडे सरसकट ‘नोकर’ घातले, तर धाकटा किती खाली उतरायला तयार झाला होता ते कळत नाही. आता वचन 19 आणि 21 शेजारी ठेवून वाचा. बापासमोर भाषण सुरू होते, पण मोलकऱ्याची विनंती तोंडातून बाहेर पडत नाही. त्याआधीच बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडा आणायला सांगतो.

मग घरीच राहिलेला थोरला भाऊ. वचन 29 मध्ये तो बापाला सांगतो की इतकी वर्षे मी तुमची ‘सेवाचाकरी’ करतो आहे. या एका शब्दासाठी भाषांतरकाराला सलाम. ग्रीक क्रियापद ‘दूलेउओ’ आहे, म्हणजे गुलामासारखे राबणे. नुसते ‘सेवा’ म्हटले असते तर थोरला आदर्श मुलगा वाटला असता. ‘चाकरी’ जोडल्याबरोबर त्याचा हिशेब उघडा पडतो: एवढी वर्षे, एकही आज्ञा मोडली नाही, आणि साधे करडूही मिळाले नाही. गावाकडे सालगड्याचा हिशेब पाडव्याला होतो तसा हा हिशेब आहे, फक्त मांडणारा मालकाचा वारस आहे. याच बोलण्यात त्याने ‘बाबा’ अशी हाक एकदाही मारलेली नाही, धाकट्याने मात्र येताच मारली. बाप उत्तर देतो तेव्हा पहिला शब्द ‘बाळा’. ग्रीक ‘तेक्नॉन’, म्हणजे पोटचे लेकरू. गटात वाचताना दोन माणसांना थोरला आणि बाप असे वाटून द्या आणि वचन 29 ते 32 मोठ्याने वाचायला लावा. तिसाव्या वचनात थोरला म्हणतो ‘हा तुमचा मुलगा’, बत्तिसाव्यात बाप म्हणतो ‘हा तुझा भाऊ’. स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

आता दोष. ‘दास’. नव्या करारात दूलॉस जिथे जिथे येतो तिथे या आवृत्तीत बहुधा ‘दास’ आहे. पण मराठी कानाला दास म्हणजे काय? रामदास, तुलसीदास, देवदास. नावाला लावायचा मानाचा शब्द, नम्र भक्ताचा. रोमी जगातला दूलॉस म्हणजे मालकाची वस्तू. विकता येणारी, वारसाहक्कात वाटली जाणारी. म्हणून गलतीकरांस 4:7 मध्ये ‘तू आतापासून दास नाहीस तर पुत्र आहेस’ हे वाचताना मराठी माणसाला धक्का बसत नाही. उलट वाटते, दास असण्यात वाईट काय? संत स्वतःला दासच म्हणवीत. उपाय सोपा आहे. अभ्यासापुरते गलती 4, रोमकरांस 6 व 8 आणि योहान 8 या अध्यायांत ‘दास’ दिसेल तिथे मनात ‘गुलाम’ वाचा. योहान 8:35 असे वाचून बघा: गुलाम घरात सर्वकाळ राहत नाही, पुत्र राहतो. लगेच कळते की वाद नम्रतेचा नाही, घरात जागा कायमची आहे की नाही याचा आहे.

पण हा बदल सगळीकडे करू नका. इथेच बऱ्याच गटांची गाडी रुळावरून उतरते. रोमकरांस 1:1 मध्ये पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतःलाच ख्रिस्ताचा दास म्हणवतो, आणि तिथे ‘दास’ची मराठी छटा बरीच जवळ जाते. तोच पौल आठव्या अध्यायात म्हणतो की तुम्हांला दासपणाचा आत्मा मिळाला नाही. एकाच पत्रात दोन्ही. त्यामुळे ‘आम्ही लेकरे, आता सेवा वगैरे काही नाही’ असा निष्कर्ष पौलाच्या नावावर खपवता येत नाही. गाठ सोडवणारी वचने दोन आहेत आणि दोन्ही सहसा कोणी काढत नाही. एक, फिलिप्पैकरांस 2:22: आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्याविषयी पौल लिहितो की मुलाने बापाबरोबर करावी तशी त्याने सुवार्तेसाठी सेवा केली. क्रियापद तेच, थोरल्याच्या तोंडचे ‘दूलेउओ’. राबणे तेच, पण इथे ते लेकराचे राबणे आहे. दोन, जुन्या करारात मलाखी 3:17: आपली सेवा करणाऱ्या मुलावर बाप जशी दया करतो तशी मी माझ्या लोकांवर करीन, असे देव म्हणतो. या वचनात मुलगा सेवा करतोच आहे. चुकला तर मजुरी कापली जात नाही, एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे. शेतकरी घरातल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. बापाच्या वावरात पोरगा गड्याइतकाच, कधी गड्याहून जास्त राबतो. दिवसाची मजुरी तो मागत नाही, कारण सातबाऱ्यावर उद्या नाव त्याचे लागणार असते.

वारशावरून ‘दत्तक’ या शब्दाकडे येऊ. रोमकरांस 8:15 मध्ये या आवृत्तीत ‘दत्तकपणाचा आत्मा’ आहे. ग्रीक शब्द ‘हुइओथेसिया’, म्हणजे पुत्र म्हणून स्थापणे. काही भाषांतरे इथे नुसते ‘पुत्रपण’ असे गुळगुळीत करतात. मराठीत ‘दत्तक’ ठेवला हे फार उत्तम झाले, कारण या शब्दाला आपल्याकडे इतिहासाचे वजन आहे. 1848 मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याच्या गादीचे दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले, पुढे नागपूर आणि झाशीचेही तेच झाले. दत्तक म्हणजे लाड करायला आणलेले मूल नाही, घराण्याचा वारस, हे मराठी वाचकाला शाळेच्या इतिहासातूनच ठाऊक असते. रोमी कायद्यातही दत्तक बहुधा वारसासाठीच घेत, आणि पुष्कळदा मोठ्या वयाचा पुरुष घेत. पौल लगेच पुढे ‘वारीस’ म्हणतो ते याच ओघात.

आणखी एक बाब अभ्यासगटात जरूर काढावी. 1956 चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता. ख्रिस्ती जोडप्याला 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे फक्त पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झाले की कायद्याच्या लेखी ते नाते संपे. दत्तकाची वाट 2000 च्या बाल न्याय कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी उघडली. गलतीकरांस 4:1-2 मध्ये पौल हेच चित्र उलट्या बाजूने काढतो: वारस लहान असेतोवर पालक आणि कारभाऱ्यांच्या ताब्यात असतो, आणि सगळ्याचा धनी असूनही दासापेक्षा वेगळा दिसत नाही. तिसऱ्या अध्यायात नियमशास्त्राला ‘बालरक्षक’ म्हटले आहे. तो शब्दही छान बसला आहे. हा बालरक्षक शिक्षक नव्हे. मुलाला शाळेत पोचवून आणणारा, प्रसंगी छडी चालवणारा घरचा गुलाम.

सर्वनामांची गंमतही या आवृत्तीत नीट दिसते. ग्रीकमध्ये एकवचनी ‘तू’ला आदराचे वेगळे रूप नाही, मराठीत मात्र निवड करावीच लागते. लूक 15 मधले दोन्ही मुलगे बापाला ‘तुमची’, ‘आपल्या’ असे बोलतात. जुन्या घरात वडिलांशी असेच बोलत. पण प्रभूच्या प्रार्थनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो’ असे सरळ ‘तू’ आहे. वडिलांना अहोजाहो, आईला आणि देवाला तू. रोमकरांस 8:15 मधली ‘अब्बा, बापा’ ही हाक कोणत्या सुरात वाचायची, हे त्यामुळे मराठी वाचकाला इतरांपेक्षा सोपे जायला हवे. प्रत्यक्षात मंडळीत ती हाक सरकारी अर्जाच्या सुरात वाचली जाते, तो दोष पुस्तकाचा नाही.

एका ठिकाणी कोणतेच भाषांतर पुरे पडत नाही. ग्रीक ‘पाइस’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, मूल आणि चाकर. मत्तय 12:18 मध्ये यशयाच्या 42 व्या अध्यायातले वचन येते, तिथे हाच शब्द आहे. मराठीत ‘सेवक’ केले आहे, आणि त्याला लागूनच तो देवाला परमप्रिय असल्याचे म्हटले आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी, मार्क 1:11 मध्ये, जवळपास याच शब्दांत ‘पुत्र’ येतो. सेवक आणि लाडका पुत्र एकाच माणसात भेटतात ते ‘पाइस’मध्ये. मराठीत याला जवळचा शब्द एकच, ‘पोऱ्या’. हॉटेलातला पोऱ्या आणि घरचा पोर. शास्त्रात तो घालता येणार नाही हे उघड आहे, पण गटात समजावताना जरूर वापरा. कॅथलिक आवृत्ती हाताशी असेल तर शलमोनाच्या नावावरच्या ज्ञानाच्या पुस्तकातला दुसरा अध्यायही पाहा, नीतिमान माणसासाठी तिथे मूळ ग्रीकमध्ये हाच ‘पाइस’ आला आहे. प्रॉटेस्टंटांच्या 66 पुस्तकांच्या प्रतीत ते पुस्तक मिळणार नाही.

पुस्तक म्हणून ही प्रत कशी आहे? कागद पातळ, त्यामुळे जेल पेन आणि हायलायटर मागे फुटतात. रंगीत पेन्सिल वापरा, टोक बोथट ठेवून. तीन रंग पुरतात: एक दास-चाकर-मोलकरी यांना, दुसरा पुत्र-मूल-बाळ यांना, तिसरा वारीस-वतन यांना. घेताना दुकानातच रोमकरांस 8 उघडून टाइप वाचून बघा. लहान आकाराच्या प्रतीत जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात आणि ट्यूबलाइटखाली चाळिशीच्या पुढच्या माणसाचे डोळे दुखतात. संदर्भ वचने दिलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. गलती 4 वरून रोम 8 वर उडी मारायला ती लागतातच. चेनच्या कव्हरवर पैसे घालवू नका, चेन आधी जाते.

यूव्हर्जनचे फोनवरचे अ‍ॅप 2008 पासून आहे, फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. मराठीत एकाहून जास्त आवृत्त्या आहेत. वचनावर बोट ठेवले की तेच वचन दुसऱ्या आवृत्तीशी ताडून बघता येते. रोम 8:15, गलती 4:7 आणि लूक 15:29 ही तीन वचने अशी ताडून ‘दास’, ‘गुलाम’, ‘सेवा’, ‘चाकरी’ यांतले काय कुठे आले ते वहीत लिहा. दहा मिनिटांचे काम, आणि भाषांतर म्हणजे निवड असते हे गटातल्या तरुणांना एकदम समजते. प्रत्येक आवृत्ती नेटशिवाय चालतेच असे नाही. सभेच्या आदल्या दिवशी घरी उतरवून घ्या आणि विमान मोड लावून उघडते का ते तपासा.

शोधाची सोय मात्र मराठीत रडवते. जुनी आवृत्ती ‘तुम्हांला’ अनुस्वार देऊन आणि ‘ह्या’ असे लिहिते. तुम्ही ‘तुम्हाला’, ‘या’ टाइप केले तर वचन निसटू शकते. ‘मोलकऱ्याप्रमाणे’मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो, दिसायला सारखाच, शोधाला वेगळा. शिवाय विभक्ती शब्दाला चिकटते: पुत्र, पुत्राला, पुत्रांनो. म्हणून एकाच पूर्ण शब्दावर विसंबू नका. ‘मोलक’, ‘दत्तक’, ‘वारी’ असे मूळ तुकडेही टाकून बघा आणि नको ते निकाल हाताने गाळा. ‘दास’ टाकलात तर ढीग येईल, तेव्हा आधी पुस्तक निवडा, मग शोधा.