आठ महिने वापरलेले अभ्रे, पिशव्या आणि पायजमे : घरच्या शिवणकामाचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मी विजेवर चालणारे एक साधे घरगुती शिलाई मशीन घेतले आणि नवशिक्यांसाठी सोप्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वस्तू एकेक करून शिवायला सुरुवात केली. उशीचे अभ्रे, कापडी पिशव्या, एक एप्रन, इलॅस्टिकचे पायजमे आणि गरम भांडी धरायची जाड फडकी एवढ्या वस्तू या काळात तयार झाल्या आणि त्या सगळ्या वापरात आहेत. शिवून झाल्या त्या दिवशी त्या सगळ्याच चांगल्या दिसत होत्या. त्यांतल्या कोणत्या टिकल्या, कोणत्या कुठे उसवल्या आणि का उसवल्या, हे वीस-पंचवीस धुण्यांनंतर कळले, म्हणून हा अनुभव आत्ता लिहितो आहे.

मशीनविषयी थोडक्यात सांगतो. त्यावर सरळ टीप, झिगझॅग, काजे करण्याची सोय आणि नक्षीचे बरेच टाके आहेत. पहिल्या दोन टाक्यांपलीकडे मला आजवर काहीही लागलेले नाही. नव्याने मशीन घेणाऱ्याने टाक्यांची संख्या मोजत बसू नये. मशीन अगदी सावकाश चालवता येते का आणि जाड कापडाच्या चार पदरांतून सुई न अडखळता जाते का, एवढे पाहून घ्यावे.

पहिल्या आठवड्यात मात्र माझी मशीनबद्दल गंभीर तक्रार होती. कापडाच्या वरच्या बाजूला टीप सुबक दिसायची आणि कापड उलटे केले की खाली दोऱ्याचा जाडजूड गुंता सापडायचा. गुंता खाली, म्हणजे दोष बॉबिनचा (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाचा), असे धरून मी बॉबिन पुन्हा भरले, त्याच्या डबीचा स्क्रू फिरवला, शटल (त्याभोवतीचा फिरता भाग) साफ केले. गुंता तसाच राहिला. खरे कारण वरच्या दोऱ्यात होते. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असताना दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे त्या वेळी ओवलेला दोरा त्यांच्या मधे न बसता कडेनेच जातो आणि त्याला ताण मिळत नाही. सुई खाली गेल्यावर शटल वरच्या दोऱ्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवते आणि मग तो फास वर ओढला जावा लागतो. ताणच नसेल तर तो खालीच साठत राहतो. नेढे टोकाशी असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा यांनी टाका बांधण्याच्या मशीनचे पेटंट इलायस हाउ यांनी १८४६ साली घेतले होते आणि आजचे घरगुती मशीन त्याच तत्त्वावर चालते, त्यामुळे ही अडचण कोणत्याही मशीनवर येऊ शकते. दोरा ओवताना प्रेसर फूट वर ठेवायचा, सुई सर्वांत वरच्या जागी आणायची आणि टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची दहा सेंटीमीटर टोके मागे धरून ठेवायची, हे करायला लागल्यापासून गुंता जवळजवळ झालेलाच नाही.

पहिली वस्तू म्हणून मी कोणालाही उशीचा अभ्राच सुचवीन, कारण त्यात सगळ्या टिपा सरळ असतात आणि चेन किंवा बटण लागत नाही. ४० सेंटीमीटरच्या चौकोनी उशीसाठी ९८ सेंटीमीटर लांब आणि ४२ सेंटीमीटर रुंद अशी एकच पट्टी बेतली. दोन्ही आखूड कडा आधी १ आणि मग २ सेंटीमीटर दुमडून टीप मारली की ९२ सेंटीमीटर उरतात : ४० पुढच्या बाजूचे, ४० मागच्या बाजूचे आणि १२ एकावर एक येणाऱ्या भागाचे. सुलट बाजू आत ठेवून घडी घालायची, दोन्ही बाजूंना १ सेंटीमीटर माया (शिवणीबाहेरचे जादा कापड) सोडून टीप मारायची आणि अभ्रा उलटवायचा. एका संध्याकाळी तो तयार झाला आणि उशीवर अगदी नीट बसला.

पहिल्याच धुण्यानंतर तो उशीवर चढेना. मोजून पाहिले तर ४० सेंटीमीटरची बाजू ३८ वर आली होती. सुती कापड बेतण्याआधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायला हवे होते. मी ते टाळले होते. दुसरा दोष दोन महिन्यांनी दिसला. आतल्या कच्च्या कडांचे धागे सुटत सुटत टिपेपर्यंत पोहोचले आणि एका कोपऱ्यात टीप हवेतच लोंबू लागली. पुढचे अभ्रे मी फ्रेंच सीमने शिवले : आधी कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून अर्ध्या सेंटीमीटरवर टीप मारायची, सुटे धागे कापायचे, मग कापड उलटवून १ सेंटीमीटरवर दुसरी टीप, म्हणजे कच्ची कड आतच बंद होते. यासाठी पट्टीची रुंदी ४२ ऐवजी ४३ सेंटीमीटर घ्यावी लागते. हे अभ्रे सहा महिने वापरात आहेत आणि त्यांचा एकही धागा बाहेर आलेला नाही. नवशिक्यांना पहिल्याच दिवशी ही शिलाई शिकवायला हवी असे माझे ठाम मत आहे; ती अवघड मुळीच नाही, फक्त वेळ दुप्पट लागतो.

पिशवीने मला वजनाचा विचार करायला लावले. बंदांसाठी १० सेंटीमीटर रुंद पट्टीच्या दोन्ही कडा मध्यापर्यंत दुमडायच्या आणि पुन्हा घडी घालायची, म्हणजे चार पदरांचा अडीच सेंटीमीटरचा मजबूत बंद तयार होतो. माझे बंद उत्तम होते. ते पिशवीला मी एकाच आडव्या टिपेने जोडले होते, तिथे चूक झाली. चौथ्या महिन्यात पुस्तकांनी भरलेली पिशवी उचलताना एका बंदाचे टोक सुटले. आता बंदाचे टोक वरच्या दुमडीत तीन सेंटीमीटर आत घेऊन मी तिथे चौकोन शिवतो आणि त्यात फुलीसारख्या दोन तिरक्या टिपा मारतो, म्हणजे भार एकाच रेषेवर न येता सगळ्या चौकोनावर पसरतो. टिपेच्या सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलटे मारणेही इथे विसरून चालत नाही.

पायजमा हा माझ्या मते या यादीतला सर्वांत समाधान देणारा आणि सर्वांत कमी सोपा प्रकार आहे. जुना, अंगाला नीट बसणारा पायजमा अर्ध्यात दुमडून, कमरेचे इलॅस्टिक पूर्ण ताणून धरून कागदावर आखून घेतला, भोवती दीड सेंटीमीटर माया ठेवली आणि वर नेफ्यासाठी चार सेंटीमीटर जास्त घेतले. दोन्ही पाय वेगवेगळे शिवून, एक सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घालायचा आणि मधली गोलाई एका सलग टिपेने शिवायची, ही युक्ती पहिल्यांदा जमली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ही गोलाईच पुढे उसवली. तिथे कापड तिरके पडते, म्हणजे उरेब होते, आणि बसता-उठताना ताणले जाते. सरळ टीप तेवढी ताणली जात नाही, म्हणून दोरा तुटतो. दुसऱ्या पायजम्यात त्याच गोलाईवर तीन मिलिमीटर आत दुसरी टीप मारली आणि कडेला झिगझॅग घातले. तो पाच महिने टिकून आहे. नेफ्यात इलॅस्टिकला पीळ पडतो ही आणखी एक कटकट होती. सेफ्टी पिनने इलॅस्टिक ओवून, टोके जोडून, चुण्या सारख्या पसरवल्यावर दोन्ही बाजूंच्या शिवणींवर नेफ्यातून आरपार एकेक उभी टीप मारली की पीळ पडत नाही.

एप्रनबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. तो झाला आणि चालला आहे. जाड फडक्यांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. आत पॉलिएस्टरचे भरण घालू नये, कारण ते उष्णतेने वितळू शकते; जुन्या सुती टॉवेलचे दोन-तीन थर पुरतात. एवढ्या थरांना ९०/१४ किंवा १००/१६ क्रमांकाची सुई लागते, तर अभ्र्याच्या साध्या सुती कापडाला ८०/१२ ची. यातला पहिला आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे ८० क्रमांकाची सुई ०.८ मिलिमीटर जाड असते. बोथट झालेली सुई बाहेरून ओळखू येत नाही, पण टाके सुटायला लागतात आणि कापडातून जाताना टक्टक् असा आवाज येतो. साधारण आठ तासांच्या शिवणकामानंतर मी ती बदलतो.

कोणी मशीन घेऊन शिवायला बसणार असेल, तर इस्त्री शेजारीच गरम ठेवावी. प्रत्येक टिपेनंतर, पुढची टीप मारण्याआधी, मी इस्त्री फिरवतो. कापडावर ती ओढत न नेता उचलून ठेवतो, नाहीतर कड ताणली जाऊन वाकडी होते. माझ्या पहिल्या आणि पाचव्या अभ्र्याच्या कोपऱ्यांत जो फरक दिसतो, तो मुख्यतः इस्त्रीचा आहे. आखडलेला तो पहिला अभ्रा मी टिपा उसवून सरळ केला आणि त्याच्या कापडातून फडक्याच्या दोन बाजू काढल्या. हे कापड आता आणखी आखडणार नाही.