शिवाजीनगर कोर्टाबाहेर मिळणारा जामिनाचा छापील संच

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाभोवती टंकलेखक, झेरॉक्सवाले आणि मुद्रांक विक्रेते यांच्याकडे जामिनाच्या कागदांचा तयार संच मिळतो. आदेशाची प्रत पुढे केली की नाव, गुन्हा क्रमांक, कलमे आणि रक्कम भरून कागद हातात पडतात. साधारण चार कागद असतात: आरोपीचा जातमुचलका, जामीनदाराचे जामीनपत्र, जामीनदाराचे प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांची यादी. हे परीक्षण कोणा एका दुकानाचे नाही, या संचाचे आहे. वेग आणि नीटनेटकेपणा यांत तो चांगला आहे. पण जामीनदार म्हणून सही करणाऱ्याला जे कळायला हवे ते त्यात सापडत नाही, आणि काही ठिकाणी मजकूर जुनाच छापलेला असतो.

आधी आदेशातले ते नेहमीचे वाक्य पाहू: ‘आरोपीस रु. २५,०००/- चा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक किंवा अधिक सक्षम जामीनदार दिल्यावर मुक्त करावे.’ हे वाचून घरचे लोक पन्नास हजारांची जुळवाजुळव करायला धावतात. त्याची गरज नसते. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी: तारखांना हजर राहीन, नाही राहिलो तर पंचवीस हजार सरकारला देईन. जामीनदाराची हमी वेगळी, त्याच्या स्वतःच्या नावावर, तेवढ्याच रकमेची. सही करताना दोघांनाही पैसा भरावा लागत नाही. तो द्यायची वेळ येते ती अट मोडल्यावर. ‘एक किंवा अधिक’ याचा अर्थ एकाची ऐपत कमी पडली तर दोघे मिळून रक्कम पूर्ण करू शकतात. संचात मात्र जामीनदाराची एकच जागा छापलेली असते, त्यामुळे दुसरा माणूस चालतो हेच पुष्कळांना कळत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये हे शब्द आता व्याख्येतच स्पष्ट केले आहेत. जामीनदाराशिवाय दिलेली हमी म्हणजे बंधपत्र, जामीनदारासह दिलेली म्हणजे जामीन बंधपत्र. संचांवर मात्र दोन्हींना सरसकट ‘बॉण्ड’ म्हटलेले असते. आदेशात नुसता जातमुचलका असेल, तर जामीनदाराचे कागद करायचेच नाहीत. टंकलेखक सवयीने चारही कागद भरून देतो आणि त्या कागदासाठी माणूस शोधण्यात घरच्यांचा अख्खा दिवस जातो. तेव्हा आदेशातले ते वाक्य टंकलेखकाला तोंडी सांगू नका, प्रत समोर ठेवून बोटाने दाखवा.

तिसरा प्रकार रोख जामिनाचा. संहितेच्या कलम ४९० प्रमाणे बंधपत्राऐवजी रक्कम जमा करण्याची मुभा न्यायालय देऊ शकते, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राचा अपवाद सोडून. जामीनदार मिळेपर्यंत काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीनही मागता येतो. ही रक्कम कोर्टात जमा होते आणि तिची पावती मिळते. पावतीवर ज्याचे नाव, परतावा त्याला. पैसे मेहुण्याचे आणि पावती आरोपीच्या नावाने असेल तर निकालानंतर परताव्याच्या अर्जावर भांडणे होतात. ज्याचे पैसे त्याचेच नाव लावून घ्या आणि मूळ पावती जपून ठेवा, कारण परत मागताना तीच मागतात. तात्पुरत्या मुदतीची शेवटची तारीखही त्याच वेळी लिहून ठेवा. ती उलटली आणि जामीनदार दिलेला नसला, तर मिळालेला जामीन अडचणीत येतो.

आता छपाईतल्या चुका. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू आहे, तरी कित्येक संचांवर अजून ‘फौजदारी प्रक्रिया संहिता कलम ४४१’ असेच छापलेले दिसते. जुन्याचे ४४१ म्हणजे नव्याचे ४८५, आणि मुचलका जप्तीचे (अट मोडल्यावर हमीची रक्कम वसूल करण्याचे) ४४६ म्हणजे आता ४९१. त्या तारखेपूर्वीपासून चालू असलेल्या खटल्यात जुने कलम बरोबर ठरते, म्हणून सरसकट खोडू नका. खटला कधीचा आहे ते आधी बघा. नव्या प्रकरणात जुने कलम राहिले तर कार्यालयात त्रुटी निघते, दुरुस्तीत दुपार जाते, आणि मुक्ततेचा आदेश त्या दिवशी येरवडा कारागृहात पोचत नाही. आत बसलेल्या माणसाची एक रात्र त्या छापील आकड्यापायी जाते.

त्याहून मोठी उणीव प्रतिज्ञापत्रात आहे. कलम ४८६ प्रमाणे जामीनदाराने आपण आजवर किती जणांसाठी जामीन राहिलो, या आरोपीसह, हे सांगायचे असते आणि त्याचे तपशील द्यायचे असतात. कित्येक संचांत हा परिच्छेद नसतोच, किंवा ‘मी इतर कोणासही जामीन नाही’ असे आधीच छापून ठेवलेले असते. मागे चुलत्यासाठी जामीन राहिलेल्या माणसाने ते न वाचता सही केली, तर तो शपथेवर खोटे बोलला असे होते. हा परिच्छेद हाताने लिहून घ्यावा.

जामीनदाराची कागदपत्रे नेहमीची: आधार, पॅन, रेशनकार्ड, छायाचित्रे. ऐपतीसाठी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, पुणे महापालिकेच्या मिळकत कराची चालू पावती, नोकरदारासाठी पगारपत्रक. काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. प्रत्येकाची मूळ प्रत बरोबर हवी. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव आणि जामीनदार मुलगा असेल, तर तो कागद त्या मुलाची ऐपत दाखवत नाही. बहुतेक गाडी इथेच अडते. जामीनदार पुण्याचाच हवा, असे संच विकणारे ठामपणे सांगतात. ते खरे नाही. परजिल्ह्यातला जामीनदार केवळ तेवढ्यासाठी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम प्रकरणात सांगितले आहे. एकाच माणसावर अनेक गुन्हे असतील, तर प्रत्येक गुन्ह्यासाठी वेगळा जामीनदार शोधण्याच्या अडचणीवरही त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये गिरीश गांधी प्रकरणात तोडगा दिला. तेच जामीनदार सर्व प्रकरणांत चालतील, असा आदेश झाला. असा आदेश आपल्या न्यायालयाकडे अर्ज करून मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

मुद्रांकाबाबत स्पष्ट सांगायला हवे. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ आहे. संचाबरोबर प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक ‘लागतोच’ म्हणून गळ्यात मारला जात असेल, तर घेऊ नका. साधा कागद चालतो. न्यायालयाच्या अर्जावरचे कोर्ट फी तिकीट ही वेगळी गोष्ट आहे, ती माफ नाही.

याच टेबलांवर दिवाणी दाव्यांचेही छापील नमुने मिळतात आणि तिथे ‘खर्च’ हा शब्द तितकाच गोंधळ घालतो. कोर्ट फी दावा दाखल करताना सरकारला जाते, महाराष्ट्र कोर्ट फी अधिनियम, १९५९ प्रमाणे, दाव्याच्या मूल्यावर. समन्स बजावणीची प्रोसेस फी आणि बेलिफाचा, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्याचा, भत्ता त्यावर वेगळा. निकालात ‘दावा खर्चासह मंजूर’ असेल, तर हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला यातला खर्च द्यायचा असतो. तो हुकूमनाम्याखालच्या (निकालानंतर निघणाऱ्या औपचारिक आदेशाखालच्या) खर्चाच्या तक्त्यात मांडलेला असतो: कोर्ट फी, वकीलपत्राचे तिकीट, साक्षीदारांचा भत्ता, बजावणी, वकिलाची फी. मात्र वकिलाची फी तिथे नियमातल्या दराने धरतात, तुम्ही प्रत्यक्ष मोजलेली नव्हे. आकडा पाहून निराश होणारे खूप, म्हणून आधीच जाणून असावे. समोरच्याने दिला नाही, तर तो दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावून वसूल करता येतो.

तारीख वाढवून मागताना लागणारी ‘कॉस्ट’ निराळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ ब खाली ती विलंबासाठी लावली असेल, तर पुढच्या तारखेला भरल्याशिवाय दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) काय लिहिले आहे ते त्याच दिवशी बघा. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दलचा खर्च कलम ३५ अ खाली, त्याला साध्या दाव्यात तीन हजार रुपयांची मर्यादा आहे.

पुन्हा जामिनाकडे: जामीनदाराला आपल्या हमीतून सुटायचे असेल तर त्या अर्जाचा नमुना मात्र या टेबलांवर सहसा मागून घ्यावा लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८९ खाली तो केव्हाही अर्ज करू शकतो. न्यायालय आरोपीला हजर करवते, तो आल्यावर जामीनदार मोकळा होतो, आणि आरोपीला दुसरा जामीनदार द्यावा लागतो, नाहीतर कोठडीत जावे लागते. आरोपी तारखा चुकवू लागला की लगेच हा अर्ज करावा, कारण मुचलका जप्त झाल्यावर रक्कम दंडासारखी वसूल होते. ती वसूल झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. जप्तीची नोटीस आली तर गैरहजेरीचे कारण, असल्यास रुग्णालयाचे कागद, जोडून रक्कम कमी करण्याची विनंती करता येते. तो अधिकार न्यायालयाला आहे.

संचाचे पैसे द्यायचे नसतील किंवा देता येत नसतील, तर पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कागद आणि वकील दोन्ही मोफत मिळू शकतात. कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतले लोक यांना उत्पन्नाची अटही नाही. दूरध्वनी १५१००.